वाचलेली ओळ पुसट होते

ज्ञानेश्वरनं चहाचा कप कीबोर्डाशेजारी ठेवला, संगणकावर आपलं रोजचं पान उघडलं, आणि पहिल्याच चौकोनात त्याची आई वारलेली होती.

‘वरवट बकाल येथील श्रीमती शालूबाई भगवानराव म्हसाळ यांचे निधन.’ शेजारी आईचा फोटो. जांभळ्या काठाचं लुगडं, डोक्यावर पदर, ओठांवर फोटोवाल्यानं बळंच आणवलेलं हसू. वर भगवान बुद्धांचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

आणि ही आई, साक्षात हीच आई, भिंतीपलीकडच्या ओसरीत तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली होती. ताटात डाळ सारल्याचा आवाज दुकानात स्पष्ट येत होता. मधूनच ती कोंबडीला हाकलत होती.

“अगा माय वं,” ज्ञानेश्वर एवढंच पुटपुटला. तो उठला, मधल्या दारातून डोकं आत घालून आईकडे पाहिलं आणि परत येऊन बसला.

“काय रे?” आईनं आतून विचारलं.

“काही नाई.”

पण काही नाही कसं? त्याची नजर पुन्हा त्या ओळीवर गेली, आणि मग त्याला दिसलं की ती ओळ पुसट झालेली आहे. आपण तर आत्ताच पान उघडलं. अजून माऊसला हातही लावला नाही. तरी ओळ पुसट. त्यानं चहा तसाच बाजूला सारला.

आता या पानाबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर एका पुसट ओळीनं धडधाकट माणसाचा चहा का सुटावा ते कळायचं नाही. ज्ञानेश्वरचं दुकान मेन रोडवर, घराच्याच पुढच्या खोलीत. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि बॅनरचं डिझाइन. लोक दिवसभर येऊन डोकं खायचे. भरती निघाली काय, पीकविम्याची तारीख वाढली काय, मलकापुरात कापूस काय भावानं गेला. एकेक साइट उघडून पाहत बसलं तर जन्म सरायचा. म्हणून हे पान. त्यात प्रत्येक साइटला एक चौकोन, आणि त्या साइटवर काही नवं आलं की त्याचं शीर्षक आपोआप चौकोनात येऊन बसतं. फीड म्हणतात त्याला. न वाचलेली ओळ ठळक काळी असते. कुणी उघडून वाचली की ती पुसट होते.

हे पान त्याला त्याच्या थोरल्या बहिणीनं, अश्विनीनं करून दिलं होतं. मास्तरकीच्या परीक्षेचा अभ्यास करताना तिनं ते स्वतःसाठी केलं, आणि मग म्हणाली होती, “तूही हेच वापर बे. दोन दोन कायले पाहिजेत?” खातं तिचं, पासवर्ड तिचा. लग्न होऊन ती मलकापूरला गेली, तिथल्या शाळेत लागली, लेक छकुली झाली, तरी फोनवर ती तेच पान उघडायची. त्यामुळे तिनं तिकडे जे वाचलं ते इकडे पुसट दिसायचं, आणि यानं इकडे वाचलेलं तिला तिकडे.

चार वर्षांपासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भगवानराव गेले, शेतीच्या कागदावर हक्कसोडची सही करायला ज्ञानेश्वरनं ताईला बोलावलं, तिनं सही केली नाही. कचेरीच्या आवारात दोन शब्द वरखाली झाले, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. मग त्यानं तिचा नंबर फोनमध्ये ब्लॉक केला. राखी नाही, भाऊबीज नाही. पण पानाचा पासवर्ड मात्र ना त्यानं बदलला ना तिनं. सकाळी दुकान उघडलं की गावाकडच्या बातम्यांच्या चौकोनात दोनचार ओळी पुसट झालेल्या असायच्या. ताई उठली, शाळेत जायच्या आधी गावची खबर वाचून गेली, एवढं त्याला समजायचं. एकदा आठवडाभर सगळ्या ओळी काळ्याच राहिल्या, तेव्हा त्याला घास गेला नव्हता. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आणि आज आईच्या मरणाची ओळ पुसट होती. म्हणजे ताईनं ती वाचली होती.

चूक कशी झाली हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण चूक त्याचीच होती. आमच्या मुलखात माणूस पंच्याहत्तरीचा झाला तर बॅनर, पोरगं पोलिसात लागलं तर बॅनर, आणि मेलं तरी बॅनरच. डिझाइनची फाइल बहुतेक तीच. ‘अभीष्टचिंतन’ काढायचं, ‘श्रद्धांजली’ घालायचं, फोटो आणि नाव बदलायचं. सगळे बॅनरवाले असंच करतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. काल संध्याकाळी प्रेमानंद तायडे येऊन गेला होता. त्याची आई, अंगणवाडीच्या सिंधूताई, दुपारी वारल्या होत्या. ज्ञानेश्वरनं गेल्या महिन्यातली आपल्या आईच्या पंच्याहत्तरीची फाइल उघडली. वरचा गजानन महाराजांचा फोटो काढून तिथं बुद्धांचं चित्र ठेवलं, ‘अभीष्टचिंतन’ काढून ‘श्रद्धांजली’ लिहिलं, आणि नाव-फोटो बदलायच्या आधीच लाइट गेली. परत आली तेव्हा दुकानात विम्याच्या फॉर्मवाल्यांची झुंबड. तेवढ्यात प्रेमानंदचा फोन, “पाठवलं का भाऊ?” यानं म्हटलं, “पाठवलंच समज,” आणि न पाहता फाइल शेगावला दीपककडे रवाना केली. दीपक ‘पूर्णाकाठ वार्ता’ नावाची बातम्यांची साइट चालवायचा. त्याच्याकडे येईल ते तो तसंच टाकायचा.

ज्ञानेश्वरनं त्याला फोन लावला.

“अबे दीपक, काय टाकलं बे तू?”

“तूच तं पाठवलं,” दीपकचा आवाज दबलेला होता. “मी म्हनलं, काकू गेल्या, तू रडत असशीन, तुले कायले फोन लावू.”

“माय जिवंत हाये!”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दीपक म्हणाला, “काढतो. आत्ताच काढतो.”

त्यानं साइटवरून बातमी काढलीही. पण चौकोनात आलेली ओळ काही जाईना. एकदा फीडमध्ये आलेलं मागे घेता येत नाही. आई त्या चौकोनात मेलेलीच राहिली.

“दुरुस्ती टाकू का? शालूबाई सुखरूप म्हनून?”

“थांब जरा. आधी मायले सांगतो, मग तुले फोन करतो,” असं म्हणून ज्ञानेश्वरनं फोन ठेवला, ताईचा नंबर चार वर्षांनी मोकळा केला आणि लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंदच. ती घरातून निघाली असणार, बसमध्ये रडत बसली असणार. आई गेली आणि भावानं साधं कळवलंसुद्धा नाही, गावकऱ्यांसारखं आपल्याला बातमीत वाचावं लागलं, हेच तिच्या डोक्यात असणार. ज्ञानेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात ओसरीतून किंकाळी आली.

शेजारच्या दोन बायका फोनवर बातमी पाहून रडतच अंगणात शिरल्या होत्या, आणि शालूबाईंना डाळीच्या ताटासमोर बसलेलं पाहून त्यातली एक भिंतीला टेकून खालीच बसली. ज्ञानेश्वरची बायको डिंपल स्वयंपाकघरातून पळत आली.

“काय वं, कोन गेलं?” शालूबाईंनी घाबरून विचारलं.

“तुमी!” दुसरी म्हणाली.

मग एकच गोंधळ झाला. बायका फोन दाखवू लागल्या, डिंपल “अहो, इकडे या आधी” म्हणून ओरडू लागली. ज्ञानेश्वरनं बायकांना कसंबसं वाटेला लावलं आणि खाली मान घालून आईला सगळं सांगितलं. फाइल, लाइट, दीपक. त्याला वाटलं, आता शिव्या पडणार.

शालूबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

“अशूनं वाचलं काय?”

“हाव. वाचलं.”

“ते तुले कसं समजते?”

इथं तो अडकला. काहीतरी थाप मारता आली असती, पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात थाप सुचण्याइतकीही जागा नव्हती. त्यानं सांगून टाकलं. पान एकच आहे, ती वाचते ते पुसट होतं.

“म्हंजे आजच दिसलं तुले?”

“नाई. रोज दिसते.”

“चार वर्सांपासून?”

“हाव.”

शालूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. हात पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवले.

“मी रोज देवापुढं बसून विचारतो, माह्यी पोट्टी बरी हाये का नाई. आजारी तं नाई. माह्यी याद करते का नाई. तू इथंच उभा राह्यतं, ऐकतं. अन् तुले ठाऊक होतं?”

“माय...”

“एकदा तं म्हनाचं होतं, बाई, ती बरी हाये. एकदा तं म्हनाचं होतं रे!”

डिंपल नवऱ्याकडे अशी पाहत होती की हा माणूस कोण. ज्ञानेश्वरनं खिशातून फोन काढला. “मी तिले लावतोच हाये फोन. बंद येते. तिच्या नवऱ्याले लावतो. नाईतर ती दोन घंटे गाडीत रडत येईन.”

“नको लावू.”

“काऊन?”

“येऊ दे तिले,” शालूबाई म्हणाल्या. “मी चार वर्सं रडली, ती दोन घंटे रडन. पन येईन तं. तू फोन केला का ती रस्त्यातूनच माघारी जाईन. मी मेली म्हनून येत असन तं मी मेलीच समज.”

“आई, असं काय बोलता?” डिंपलचा आवाज फुटला.

“मंग काय बोलू वं? तिचं तोंड पाहाचं हाये मले.”

ज्ञानेश्वरनं फोन खिशात ठेवला. दीपकलाही त्यानं कळवलं, आत्ता काही टाकू नको. ताईला खोट्या दुःखात ठेवणं पाप आहे हे त्याला कळत होतं, पण आईचा तो चेहरा पाहून तिला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ताईनं यायलाच हवं होतं.

थोड्या वेळानं प्रेमानंद आला. रात्रभर जागलेला, डोळे लाल. तो दुकानाच्या पायरीशीच उभा राहिला.

“ज्ञानूभाऊ, माह्या मायच्या बातमीवर तुह्या मायचा फोटो.”

“चूक झाली प्रेमानंद. माफ कर यार.”

“चूक तं झाली. मी काही म्हनत नाई. पन दुरुस्ती काऊन नाई टाकून राह्यले? दीपक म्हनते, ज्ञानूभाऊनं थांबवली. दुपारी माती हाये. जन्मभर अंगणवाडी चालवली तिनं. इथून तिथून लेकरं शिकवली, ती आता कुठं कुठं नोकरीले हायेत. फोन मी किती जनाइले करू? तिचा फोटो पाहूनच येतीन ना लोकं. असं काऊन करतं बे?”

ज्ञानेश्वरनं मागे वळून पाहिलं. मधल्या दारात शालूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. जिवंत माणसाला पाहून प्रेमानंदनं मान खाली घातली, का कुणास ठाऊक.

“त्यानं नाई, मी थांबवली,” त्या म्हणाल्या. “माह्यी पोट्टी यावी म्हनून.”

प्रेमानंदनं वर पाहिलं. अश्विनीताई माहेरी येत नाही हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? तो हळूच म्हणाला, “मंग राहू द्या काकू. तिले येऊ द्या आधी. मी करतो आनखी दहापाच फोन.”

तो खरंच पायरी उतरून निघाला होता. शालूबाईंनी त्याला हाक मारली.

“थांब रे प्रेमा. अशूचा हात धरून पहिलं अक्षर सिंधूनं गिरवून घेतलं. मी तिच्याच मातीत माती कालवून राह्यली.” मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “टाक ते. टाक म्हनतो ना!”

दीपकनं दुरुस्ती टाकली. थोड्या वेळात चौकोनात नवी ओळ आली. ‘शालूबाई म्हसाळ सुखरूप, कालकथित सिंधूताई तायडे यांच्यावर आज अंत्यसंस्कार.’ ठळक काळी. शेजारी सिंधूताईंचा फोटो, जाड काचांचा चष्मा.

शालूबाई आजवर त्या संगणकासमोर कधी बसल्या नव्हत्या. आज त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून घेतली आणि पडद्याकडे पाहत बसल्या. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. रंग मात्र कळत होता.

“काळीच हाये ना?”

“हाव.”

“म्हंजे गाडीत बसली ती. गाडीत कोन वाचते.”

त्या उठल्या. आत जाऊन त्यांनी केस विंचरले, दुसरं लुगडं नेसलं. डिंपलला म्हणाल्या, भात जास्तीचा टाक, ती उपाशीच निघाली असन. मग बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. बसथांबा दुकानासमोरच होता. ज्ञानेश्वर एकदा रस्त्याकडे पाहत होता, एकदा पडद्याकडे. ओळ काळीच होती आणि त्याचा जीव थोडा थोडा हलका होत होता. येते. ताई येते. आली की पायच धरायचे, बाकी काही बोलायचं नाही.

मलकापूरची गाडी आली. शालूबाई ओट्यावरून उठल्या. आधी कॉलेजची पोरं उतरली, मग डोक्यावर गाठोडं घेतलेलं एक जोडपं, मग एक म्हातारबाबा काठी टेकत, सावकाश, सगळ्यांचा जीव खात. त्यांच्यामागून कुणीच उतरलं नाही. शालूबाईंनी वाकून खिडक्यांतूनही पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी पुढे गेली. तीच गाडी तासाभरानं फिरून मलकापूरला परत जायची.

“दुसऱ्या गाडीनं येईन,” शालूबाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वर दुकानात आला आणि थबकला. ओळ पुसट झाली होती.

“माय, वाचलं तिनं!”

तिघंही पडद्यासमोर उभे राहिले. आता फोन येईल. ताई आधी रडेल, मग ज्ञानेश्वरला शिव्या घालील, मग हसेल. असली बातमी वाचून माणूस दुसरं काय करणार? फोन टेबलावर होता. तिघंही त्याच्याकडे पाहत राहिले आणि तो काही वाजेना. झेरॉक्सला आलेल्या एका बाईला डिंपलनं हातानंच परत पाठवलं.

शेवटी शालूबाई म्हणाल्या, “तूच लाव. अन् मोठ्यानं लाव. मलेही ऐकू दे.”

त्यानं स्पीकर सुरू केला. या वेळी घंटी गेली. दोनतीनदा वाजून फोन उचलला गेला.

“हॅलो.”

चार वर्षांत आवाजात फरक पडला नव्हता.

“ताई.”

“वाचलं मी. माय बरी हाये ना?”

“हाव, बरी हाये. चूक झाली ताई, माह्याच हातानं झाली. लाइट गेली अन् मी न पाहताच...”

“हाव.”

“तुहा फोन बंद येत होता. आमाले वाटलं तू निघाली. आत्ताच गाडी पाह्यली आमी.”

“मी नाई निघाली.”

ज्ञानेश्वरनं आईकडे पाहिलं.

“फोन बंद केला मी,” ताई सांगत होती. ती रडत नव्हती, सगळं रडून झाल्यावर माणूस बोलतं तसं बोलत होती. “लोकं विचारतीन ना, माय गेली अन् तू घरीच कशी. काय सांगाचं? मी अन् छकुलीनं आंघोळ केली डोक्यावरून. दिवा लावला. मायचा फोटो नव्हता माह्याजवळ चांगला, म्हनून आता पुन्हा पान उघडलं. त्या बातमीतला घ्याव म्हनून. तं तिथं हे.”

आंघोळ केली. दूर राहणारं कुणी नातलग वारलं, आपल्याला जाता येत नसलं, की घरच्या घरी करतात ती आंघोळ. ताईनं आपल्या आईच्या नावानं केली होती. डिंपलनं तोंडावर पदर दाबला.

आता ताई पुढे काय बोलणार हे त्या खोलीत एकट्या ज्ञानेश्वरला माहीत होतं. त्याचा अंगठा स्पीकर बंद करायला पुढे गेला. शालूबाईंनी त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नसतं.

“काऊन नाई निघाली वं?” त्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला.

“माय? तू हाये तिथं?”

“हाये. काऊन नाई निघाली? माय मेली तरी नाई याव वाटलं?”

“माय, असं नको ना बोलू.” आता ताईचा आवाज फाटला. “त्यानंच तं म्हनलं होतं मले, कचेरीसमोर, लोकाइपुढं. सही नाई करत ना, मंग माय मेली तरी या घराचा उंबरा चढू नको. मी म्हनलं, मायले विचारू दे. तं म्हने, मायचंही हेच म्हननं हाये. तिनंच सांगून पाठवलं मले.”

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, दुकानाच्या काचा थरथरल्या.

“तू नव्हतं म्हनलं?” ताईनं विचारलं. “माय? तू म्हनलं नव्हतं?”

शालूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहू शकला नाही. चार वर्षं तो घरात सांगत आला होता, ताई म्हणते मला माहेर नको. आणि ही माऊली ते खरं मानून, लेकीच्या रागाला देवापुढं औषध मागत बसली होती. त्याला वाटलं आईनं आता थोबाडीत मारावी. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी त्याचं मनगट सोडलं, एवढंच.

“अशू,” त्या म्हणाल्या, “मी मेली नाई. घरीच राह्य. मी येतो.”

त्या आत गेल्या. पिशवीत दोन लुगडी भरली, देव्हाऱ्यातली विभूतीची पुडी घेतली. डिंपलनं पाण्याची बाटली आणि एसटीत दाखवायला आधार कार्ड दिलं, तेव्हा तिच्या गालावरून हात फिरवला. ज्ञानेश्वरनं मोटरसायकल बाहेर काढली, किक मारली, आणि चालू गाडीवर तसाच बसून राहिला. त्या त्याच्याजवळून चालत पुढे गेल्या.

बसला अजून वेळ होता. शालूबाई बुद्धविहाराशेजारच्या प्रेमानंदच्या घरी गेल्या, सिंधूताईंच्या पायाशी फुलं ठेवली आणि बायकांत जाऊन बसल्या. जिच्या मरणाची बातमी सकाळी सगळ्यांनी वाचली होती ती बाई शेजारी येऊन बसली, तरी कुणी त्यावरून अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणाची हिंमत झाली नसावी. ज्ञानेश्वर मागून नीट छापलेलं बॅनर घेऊन आला. त्यानं आणि प्रेमानंदनं ते दारासमोर बांधलं. चष्म्यातून सिंधूताई सगळ्यांकडे पाहत होत्या. शालूबाईंनी बॅनर पाहिलं, पण बांधणाऱ्याकडे नजर टाकली नाही.

गाडी आली तशा त्या उठून थांब्यावर गेल्या आणि खिडकीशी जागा धरून बसल्या. ज्ञानेश्वर खिडकीखाली येऊन उभा राहिला. दुकानदार, रिक्षावाले, थांब्यावरची माणसं सगळी पाहत होती. त्याला कशाचीच लाज उरली नव्हती.

“माय, मीही येतो ना संगं.”

“तुले कोनं बोलावलं?”

“ताईचे पाय धरतो. चुकलो मी. सगळ्याइपुढं म्हनतो, चुकलो.”

शालूबाई समोरच्या सीटकडे पाहत राहिल्या.

“परत कवा येशीन?” त्यानं खिडकीच्या गजाला धरून विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. रागाचा लवलेशही त्या तोंडावर नव्हता, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. गिऱ्हाइकाला दुकानाचा पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात त्या म्हणाल्या,

“काही सांगाचं असन तं तुह्या त्या बातमीत टाक. आमी वाचू.”

कंडक्टरनं घंटी दिली.